तीन प्रश्नचिन्हं

शिनोज म्हणतो, हा प्लेअर बंद झालाय.
बंद कसला? वाजतोय की.
तसं नाही भाऊ, कंपनीच उठली. पुढे काही येणार नाही त्यात.
पुढचं मागितलंय कुणी?

फलज अल कबाइल, सोहार. गोडाऊनमागची खोली,
जूनमधला शुक्रवार, बाहेर शेहेचाळीस,
एसीच्या पाइपाखाली रंगाची रिकामी बादली,
टेबलावर माझा जाडजूड लॅपटॉप,
एक बिजागर केबल-टायनं आवळलेलं.
त्यात हा. चार बोटं रुंद करडी चौकट,
हिरवे आकडे, आणि आवाजाबरोबर
उठबस करणाऱ्या एकोणीस काड्या.
मोजल्यात मी. वेळ होता.

बसवला इसाक वांगडेनं, बाणकोटचा,
दोन हजार चार साली, मस्कतहून आणलेल्या सीडीवरून.
तेव्हा खोलीत आम्ही सहा, संगणक एक, तोही हप्त्यावर.
कुठलं गाणं लावायचं यावरून
एकदा ताट भिरकावलं गेलं.
त्याला पोचा आला. मी अजून त्यातच जेवतो.

प्लेअरला मराठी येत नाही.
देवनागरीत नाव दिलं की प्रश्नचिन्हं मांडून बसतो,
कस्टमवाल्यानं बॅग उचकावी तसा:
हे काय? हे काय? हे काय?
इंग्रजीत करता आली असती नावं. नाही केली.
आता मला ती तशीच वाचता येतात.
चार, मग जागा, मग दोन: भजन, मध्ये खरखर.
सलग अकरा: शिमग्यातला ढोल, मागे कुणाचं तरी कुत्रं.
आणि नुसती तीन, सदतीस सेकंदांची:
ताई.
मी रुवीत असताना आलेली कॅसेट,
इसाकनं वायरी जोडून आत उतरवलेली.
'विहिरीचं काम झालं. वेळेवर जेवतोस ना.
बास, टेप संपत आली.'
टेप संपत आली नव्हती.
तिला पुढचं सुचेना.

शिनोजनं सगळं फोनवर चढवून दिलं, नव्या प्लेअरात.
नवा हुशार. नावं वाचतो, चित्रं हुडकून लावतो.
ताईच्या सदतीस सेकंदांवर
त्यानं कुणा नटीचा फोटो डकवला
आणि विचारलं,
अशा प्रकारचं आणखी ऐकायला आवडेल?

काढून टाकला.

हा जुना रोज उघडताना एवढंच विचारतो,
नवी आवृत्ती आलीय का, बघून येऊ?
मी हो म्हणतो. मुद्दाम.
मग तो जातो. दहा सेकंद, बारा सेकंद,
कुठल्याशा दारावर थाप मारून परत येतो:
कुणी नाही.
चिडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

इसाक असाच जायचा सात महिने,
अडकलेल्या पगारासाठी, एजंटच्या ऑफिसात.
कुलूप बघायचा, शंभर बैशांचा चहा प्यायचा, यायचा.
आठव्या महिन्यात बाणकोटला गेला.
गाणी भरून देतो म्हटलं तर नको म्हणाला,
तिकडे माणसंच आहेत.
त्याला काय उत्तर द्यायचं ते मला
विमान उडाल्यावरही सुचलं नाही.

ऑगस्टात माझं कार्ड संपतंय.
ऑफिसचा मेल आलाय, सभ्य, चार ओळी,
त्यातल्या तिसरीत 'नूतनीकरण होणार नाही'.
तीस किलो सामान. लॅपटॉप हातातल्या पिशवीत.
ताटाचं अजून ठरलेलं नाही.

काड्या हलताहेत.
सदतीस झाले की हा आपणहून
खालच्या ओळीवर उतरतो,
मी त्याला पुन्हा वर आणतो.
शिनोज दारात उभा. काय ऐकताय, भाऊ?
तीन प्रश्नचिन्हं, म्हटलं. बस.
बसला तो, बादली जरा सरकवून.